बद्द वाजलेला दगड

प्रिय ठिणगी,

तुझे पाच फोन मी उचलले नाहीत आणि आता आत्याच्या हाती हे चार पानी पत्र पाठवतोय, म्हणजे वाचण्याआधीच तू आठ्या घालणार. घालू नकोस. गालावर ताण येता कामा नये, आणि तुझ्या आठ्या कपाळावर कधीच थांबत नाहीत, थेट हनुवटीपर्यंत उतरतात. लहानपणापासूनची खोड आहे.

अपघाताचा आज अठरावा दिवस, आणि तू अजून आत्याकडेच. आत्या सांगत होती की डोळ्याखालची सूज उतरली, पण ओठाच्या कोपऱ्यातली सकाळी उठल्यावर अजून दिसते. ती रात्रभर आडवं झोपल्याने येते, घाबरू नकोस. दोन उशा घे, डोकं वर ठेव. तू एकच उशी घेतेस आणि तीही पहाटेपर्यंत जमिनीवर असते, हे मला माहीत आहे. व्रणाला चोळू नकोस. साध्या साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धू, टिपून घे, वर मलमाचा पातळ थर लाव. पातळ म्हणजे पातळ, भिंतीला गिलावा केल्यासारखा नाही. शेजारणी लिंबू सांगतील, दात घासायची पेस्ट सांगतील, त्यांना हो म्हण आणि करू नकोस काहीच. उन्हात जाताना टोपी घाल, नाहीतर डाग काळवंडतो. बोटाने मालिश कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील, तोवर धीर धर. आणि तिथे पुन्हा सूज चढली, गरम लागलं, पू दिसला किंवा ताप आला, तर माझ्या पत्राची वाट बघत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ. ड्रेसिंगवाल्या सिस्टरकडून हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं होतं. त्या वैतागल्या, म्हणाल्या तोंडी सांगितलेलं कळत नाही का. मी कागद पुढे धरूनच उभा राहिलो.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. तू लिहिलंयस की धारेच्या मशीनचा नट तूच जास्त आवळलास, म्हणून फिरता दगड फुटला, आणि आता पुन्हा धारेच्या कामाला हात लावणार नाहीस. खाली एकच ओळ, बाबा रागावले आहेत ना. ती चिठ्ठी माझ्या खिशात आहे. जेवताना काढून वाचतो.

नट आवळल्याची गोष्ट तुझ्या डोक्यात घातली शेजारच्या वेल्डरने. त्या दिवशी आवाज ऐकून तो पहिला धावत आला, तुला रिक्षात त्यानेच बसवलं, उपकार आहेत त्याचे. पण मग गल्लीभर सांगत सुटला की पोरीने नट कचकचून पिळला असणार, नवशिकी आहे. सहा वर्षं माझ्याशेजारी उभी राहून शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतेस तू, आणि नवशिकी! मी त्याला तेव्हाच गप्प करायला हवं होतं. मी शटर ओढून घेतलं आणि घरी आलो. लोकांना वाटलं, बापाला धक्का बसलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुकान झाडताना दगडाचे तुकडे गोळा केले. एक तुकडा बाजूला ठेवला. ताजी फूट असली की कड स्वच्छ राखाडी दिसते. या तुकड्याच्या अर्ध्या कडेवर काळा, तेलकट पट्टा आहे. म्हणजे तेवढी चीर जुनीच होती. फळीवर तेलाच्या डब्याशेजारी तो दगड पडून असताना तेल त्या चिरेत मुरत राहिलं होतं. नट कितीही हलका लावला असतास तरी तो फुटलाच असता.

आता तू म्हणशील, पण आपण तो वाजवून घेतला होता. हो. दगड बोटावर टांगायचा, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारायची, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. खणखणला तर चढवायचा, बद्द बोलला तर फेकून द्यायचा. आपल्या धंद्यातला पहिला धडा, मी तुला उंची पुरत नव्हती तेव्हा स्टुलावर उभं करून शिकवलेला. त्या सकाळी तू वाजवलास आणि म्हणालीस, बाबा, हा बद्द वाटतोय. समोर शिंपीणबाई कात्रीसाठी खोळंबल्या होत्या. मी दगड तुझ्या हातातून घेतला, टिचकी मारली आणि म्हणालो, खणखणीत आहे, तुझे कान कच्चे आहेत अजून, चढव. तू चढवलास. मशीन सुरू करून बाजूला व्हायच्या आत तो फुटला. चष्मा लावला होतास म्हणून डोळा वाचला. गालाचं काय झालं ते तू रोज आरशात बघतेस.

ठिणगी, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ना खणखणीत, ना बद्द. दोन वर्षं झाली, मी माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखतो, आणि चुकलो की मशीनच्या आवाजावर ढकलतो. धार लावणाऱ्याचे कान गेले म्हणजे त्याचा धंदा गेला, एवढीच भीती. त्या भीतीपायी मी तुझ्या खऱ्या कानांना कच्चं म्हटलं. फोन उचलत नाही तो रागाने नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत. म्हणून हे पत्र. आणि दवाखान्यात चौथ्या दिवशी तू मला काहीतरी विचारलंस. तुझे ओठ इतके सुजले होते की मला एक अक्षर कळलं नाही. पाणी मागत असशील असं समजून मी मान डोलावली आणि पेला पुढे केला. आत्याने परवा सांगितलं, तू विचारलं होतंस, माझीच चूक होती ना बाबा? मी हो म्हटलं, पोरी. त्यानंतर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, आणि मला वाटलं, गाल दुखतोय. त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. नाही. चूक माझी होती, सगळी माझी. आज सकाळी वेल्डरला आणि शिंपीणबाईंना तो तुकडा दाखवून हेच सांगितलं, मग कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांचा कागद सोबत जोडलाय. तू माझ्यावर चिडलीस तर ते मला सोसायलाच हवं, आणि कामावर परत येणं न येणं तुझ्या मर्जीवर. नवा दगड आणून ठेवलाय, पण मशीनवर चढवलेला नाही. तो वाजवून बघायला या दुकानात खरे कान एकाचेच आहेत. तू बद्द म्हणालीस तर बद्द.

तुझाच, मान डोलवून फसलेला,
बाबा