नळीसकट समुद्रसफर

चि. सौ. धाकटीस,

ताईचे ओंजळभर आशीर्वाद. आम्ही दोघं समुद्रावरून सुखरूप परत आलो. घरातली फरशी अजून अधूनमधून डोलते, पण तो जहाजाचा गुण आहे, माझ्या वयाचा नाही. तुझी तब्येत कशी आहे? यजमानांचं पित्त? गुडघा? आणि ती लाल छत्री अजून आहे का गं? (तीच, जी तू कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होतीस आणि मी सहलीला मागितल्याबरोबर दुसऱ्या दिवसापासून खणखणीत उन्हातसुद्धा उघडून हिंडायला लागलीस.) आणि कपाटावरचं तुझं मशीन? त्याच्या खोक्यावर तू क्रोशाचं कव्हर घालून फुलदाणी ठेवली आहेस, असं मिठू फोनवर सांगत होती. तिला आठवा महिना लागला. पहिलटकरीण पोर, इतक्या लांब, आई येईल म्हणून डोळे लावून बसली आहे, आणि तू तिला गुडघ्याचं कारण सांगतेस. असो. गुडघ्याकडे मी शेवटी येईन. आधी आपल्या घराण्याचं नाव मी समुद्रावर कसं गाजवलं ते ऐक.

जहाजाची सफर ठरली तेव्हा पहिला प्रश्न माझ्या मशीनचा निघाला. शेजारच्या शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या, आठवडाभर नाही लावलं तर काय बिघडतं, तेवढं सामान कमी. आता सीपॅप म्हणजे काय शोभेची वस्तू आहे? झोपेत श्वास अडकतो म्हणून नळीतून हवा देणारं ते यंत्र, त्याला सुट्टी कसली? डॉक्टरांनी एक रात्रही चुकवायची नाही असं बजावलं आहे, आणि मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, मला हजेरीत खाडा चालत नाही. शिवाय घोरण्याची लाज मला कधीच वाटली नाही. आपल्या आप्पांचं घोरणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं आणि दुकानदार त्यावरून घड्याळ लावायचा. अशा बापाच्या आपण लेकी! (तुझा आवाज माझ्याहून बारीक आहे, पण सूर पक्का आहे. हे कौतुकानं म्हणते आहे.)

मशीन मी हातातल्या पिशवीत घेतलं, कारण मोठ्या बॅगा जहाजावर उशिरा खोलीत येतात आणि कधीकधी दुसऱ्याच्याच खोलीत येतात. बंदरावरच्या तपासणीत ती पिशवी अडकली. तपासनीसानं मास्क दोन बोटांत धरून असा वर उचलला, जणू माझ्या पिशवीत पाल निघाली. मागे ही लांबच लांब रांग. ‘हे’ नेहमीप्रमाणे माझ्यापासून चार पावलं दूर जाऊन छताचं निरीक्षण करू लागले. मी मात्र तिथल्या तिथे तास घेतला. श्वास कसा अडकतो, हवा कुठून जाते, मास्कच्या भोकांचा उपयोग काय, सगळं मोठ्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. तपासनीस मान डोलवत राहिला, मशीन मानानं परत दिलं आणि आमची एक्स्टेन्शनची वायर मात्र काढून घेतली. म्हणे, आगीच्या भीतीमुळे बाहेरची वायर चालत नाही. मी काय बोलणार? शिक्षकांच्या खोलीतली चहाची शेगडी मीच तर बंद केली होती.

खोली छान, आगपेटीएवढी. पलंग एका टोकाला आणि प्लग दुसऱ्या टोकाला, आरशाजवळ. ‘ह्यांनी’ सुचवलं की मी पलंगावर पाय ठेवून डोकं टेबलावर ठेवावं. (ह्यांना जहाजावर चढताच विनोद सुचायला लागले होते. ती हवा बाधते काही जणांना.) शेवटी खोली आवरणाऱ्या मुलीला विचारलं, तर तिनं जहाजाचीच लांब वायर आणून दिली, आणि मशीनच्या डबीत घालायचं शुद्ध पाणीसुद्धा, जे मी आधीच पत्र पाठवून मागवून ठेवलं होतं. नुसतं मागितलं की मिळतं, धाकटे. लाजणाऱ्याला मिळत नाही एवढंच.

आता मुख्य पराक्रम. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना जमवून धोक्याच्या वेळी काय करायचं त्याची तालीम घेतात. अजून वेळ होता, म्हणून मी वायर पोचते का बघायला मास्क लावून जरा आडवी झाले. नाकाला गार हवा लागली, डोळा लागला, आणि भोंगा वाजला. तुला माझी शाळेतली शिस्त माहीत आहे. आगीच्या तालमीची घंटा झाली की आहे तसं बाहेर, काही शोधायचं नाही, काही आवरायचं नाही. चित्रकलेचे सर एकदा हातात ओला ब्रश घेऊन मैदानावर आले होते, त्यांना मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. मग मी काय केलं असेल? मास्क नाकावर, नळी गळ्यात, प्लगमधून उपटलेलं मशीन काखेत, वरून नारिंगी जीवरक्षक जाकीट, अशी मी निघाले. ‘हे’ दाढी करत होते. माझ्या नजरेचा धाक इतका, की तेही एका गालावर फेस घेऊन मागोमाग आले. लिफ्ट बंद, सगळे जिने चढून वर. बंद मशीनच्या मास्कमधून नाकानं श्वास घेता येत नाही, म्हणून तोंड उघडं ठेवून, पण रांग न मोडता मी डेकवर पोचले.

लोकांनी माझ्याकडे बघितलं. मग आपापल्या जाकिटांकडे बघितलं. त्यांना वाटलं, जहाजानं काही जणांना हवेची सोय दिली आहे आणि आपल्याला विसरले! एका धिप्पाड गृहस्थांनी आमचे मास्क कुठे आहेत म्हणून जाब विचारला, त्यांच्या बायकोला रडू फुटलं, आणि बघता बघता सगळा डेक मास्क मागायला लागला. कर्मचारी जितकं नाही नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटत गेली की हे काहीतरी लपवताहेत. शेवटी कप्तान स्वतः खाली उतरले. मी मास्क काढला, बाकावर चढले आणि पटांगणावरच्या आवाजात सांगितलं, की हे झोपेचं मशीन आहे, माझं स्वतःचं आहे, आणि ज्याला घोरण्याची अडचण असेल त्यानं लाज न बाळगता मला येऊन भेटावं. एकदम शांतता. अशी शांतता मी शाळेत फक्त निकालाच्या दिवशी ऐकली. कप्तान म्हणाले, भोंगा झाल्यावर इतक्या तत्परतेनं आलेलं प्रवासी जोडपं मी प्रथमच पाहतो आहे. (दाढीबद्दल ते काही बोलले नाहीत. सभ्य माणूस.)

आणि खरंच लोक आले गं! पहिल्या आल्या नृत्य शिकवणाऱ्या एक बाई, सडपातळ, ताठ मानेच्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, की त्यांचंही मशीन बॅगेत आहे, टोप्यांच्या डब्यात लपवलेलं, आणि बरोबरच्या मैत्रिणींना कळू नये म्हणून त्या बसून झोपतात. मग ते धिप्पाड गृहस्थ आले. मग आणखी कोणकोण. रोज सकाळी न्याहारीनंतर डेकच्या कोपऱ्यात माझा वर्ग भरायचा. मास्क कसा धुवायचा, पट्टा किती आवळायचा, गालावरचे वळ कसे घालवायचे. धुतलेले मास्क आम्ही ओळीनं वाळत टाकायचो, आणि येणारेजाणारे थांबून बघायचे. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मास्क लावून फोटो काढला, मध्ये मी. सोबत पाठवते आहे. नृत्याच्या बाई ओळखू येतील, मास्कमधूनही हसताहेत.

आता तुझा गुडघा. धाकटे, गुडघा घोरत नाही. मिठूकडे विहीणबाई असतात, त्यांच्या कानावर तुझं घोरणं पडेल आणि नळी लावलेलं तोंड जावयाला दिसेल, ही तुझी अडचण आहे. मी बहीण आहे तुझी, मला कळतं. पण आठवतं ना, आप्पांचं घोरणं एका रात्री थांबलं, आणि आपण दोघी अंथरुणात म्हणालो होतो, बरं झालं, आज शांत झोपले. मला ती शांतता तुझ्या घरात नको आहे. याहून जास्त लिहिता येत नाही. यजमानांना नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. – एक काम होतं. त्या जिन्यांवर आपटल्यापासून माझं मशीन खडखड करतं आणि मध्येच बंद पडतं. तुझं नाहीतरी फुलदाणीखालीच आहे. ते मला देऊन टाक. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवते, खोकं तयार ठेव. क्रोशाचं कव्हर तुला राहू दे.

ता. क. (दुसरा, वेगळ्या अक्षरात) – धाकटे, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून गुपचूप लिहितो. ताईचं मशीन ठणठणीत आहे. आत्ता दुपारी तेच लावून झोपली आहे, आणि माझं या खोलीतून त्या खोलीत जाऊन तिची छाती वरखाली होते आहे ना हे बघणं तेवढं थांबलंय. माणूसबिणूस कुणी येणार नाही. लाल छत्रीची गोष्ट तिनं मला लग्नाच्या वर्षीच सांगितली होती. तेव्हा तू रागाने का होईना, आज रात्रीच खोकं उघड आणि मशीन घेऊन मिठूकडे जा. विहीणबाईंचं म्हणशील, तर फोटो नीट बघ. मागच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या त्याच. कुणाला सांगायचं नाही असं वचन त्यांनी ताईकडून घेतलं, माझ्याकडून घ्यायचं राहिलं.