तळघरातल्या एकतीस हार्ड डिस्क

मी, श्यामकांत वामन बिवलकर, वय ७३, निवृत्त ऑप्टिकल इंजिनियर, राहणार ब्राउनश्वाइग, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा दुसरा चहा घेऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. इथल्या कायद्याला टाइप केलेलं चालत नाही, म्हणून सगळं स्वहस्ते. अक्षर सहन करावं. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक चिरंजीव पुष्कर यास.

२. पुण्याचा फ्लॅट सूनबाई ईप्सिता हिच्या एकटीच्या नावे. पुष्करने फुगून बसू नये. माझी पत्नी कै. नीलिमा हिच्या आजारपणात सुट्टी काढून आली होती ती ईप्सिताच.

३. माझी भिंगं आणि सोल्डरिंगचा संच नात ऊर्जा हिला. मराठीत विचारलं तरी ती उत्तर जर्मनमध्ये देते, पण वस्तू फार निगुतीने हाताळते.

४. धाकटे बंधू भास्कर यांस काहीही नाही. "त्या कुर्द लोकांना घरात कशाला घेतोस?" असं त्यांनी फोनवर विचारलं, त्याला सहा वर्षं झाली. माफी मागितल्यास माझा रेडिओ द्यावा.

५. आता मुख्य कलम. आमच्या तळघरात, म्हणजे केलरमध्ये, निळ्या कपाटात एकतीस हार्ड डिस्क आहेत. त्या माझ्या नाहीत, त्यामुळे त्या कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. त्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या झीलान हिच्या आहेत. झीलान कुर्द आहे आणि व्हिडिओ-कलाकार आहे. तिच्या आईचं गाव तुर्कस्तानच्या डोंगरात होतं. ते कधीच रिकामं झालं.

झीलानचं मोठं काम तीन भिंतींवर एकाच वेळी चालतं. एका भिंतीवर तिची आई इथल्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता गावातली घरं एकेक करून सांगते, दुसरीवर त्या घरांची नावं उमटतात, तिसरीवर गावाकडे जाणारा रस्ता. मी ते अकरा वेळा पाहिलं आणि अकराही वेळा रडलो. एवढ्या ताकदीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझी चूकही इथे नोंदवतो. प्रदर्शनाचे प्रोजेक्टर मी बसवले. रस्त्याचं चित्रण फार हलत होतं, म्हणून कोणालाही न विचारता सॉफ्टवेअर लावून मी ते स्थिर करून टाकलं. मनात शाबासकीची वाट पाहत होतो. ईप्सिताचं ऐकून झीलान मला काका म्हणते. ती शांतपणे म्हणाली, "काका, कॅमेरा आईच्या हातात होता. तुम्ही तिचा हातच पुसून टाकलात." मूळ प्रत मी जपून ठेवली होती म्हणून निभावलं. पण ही पोरगी अशी, की दुसऱ्याच दिवशी सगळ्या डिस्क माझ्या दारात आणून म्हणाली, "आल्झो, तर मग काका, मूळ प्रत जपणारा माणूस तुम्हीच. यापुढे इथेच ठेवते."

झीलानची आई गेल्या वर्षी वारली. आता ते गाव या डिस्कांखेरीज कुठेही नाही. मी गेल्यावर केलर रिकामा करायला माणसं येतील आणि भंगार समजून कपाट उचलतील, ही माझी एकमेव भीती आहे. तेव्हा पुष्कर, माझ्या अंत्यविधीच्याही आधी झीलानला खाली ने. कपाट तिनेच उघडावं.

६. हे पत्र इथल्या कोर्टात उघडलं जाईल आणि अधिकृत अनुवादक त्याचं जर्मन करतील. त्यांना विनंती, की खालचं गावाचं नाव नकाशात शोधू नये. नकाशावर तिथल्या सरकारने दिलेलं दुसरंच, तुर्की नाव आहे. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेच दुसरं आहे. खरं नाव एखाद्या सरकारी कागदावर आहे का, असं मी झीलानला विचारलं. "नाइन, नाही काका. एकाही कागदावर नाही." मग तिच्याकडून ते चार वेळा म्हणवून घेतलं, आई म्हणायची तसं. कोर्ट हा कागद सरकारी दप्तरात जपून ठेवतं, एवढं मला ठाऊक आहे. अनुवादकांनी अक्षरही न बदलता उतरवावं.

गावाचं नाव : कानीया बेरू.

सही : श्यामकांत वामन बिवलकर
ब्राउनश्वाइग, १४ मार्च २०२५

साक्षीदार (इथे लागत नाहीत, पुण्याच्या फ्लॅटसाठी लागतात, दोघांनीही मला सही करताना पाहिलं) :
१. हृषिकेश दामले
२. कपिल सोनटक्के