अण्णांचा वाकडा जोड

ती. भावोजी यांस,

मेव्हण्याचा लांबूनच नमस्कार (हाताला ग्रीस आहे, नाहीतर पाय धरले असते). पाठ कशी आहे? ताई म्हणते दुखते, तुम्ही म्हणता दुखत नाही. मी ताईचं धरून चालतो.

आमच्याकडे सगळं क्षेम, फक्त जेवणाच्या टेबलावर मोटारसायकल आहे. घाबरू नका, मिनीबाइक आहे, माणसाच्या गुडघ्याएवढी, साठेक वर्षांपूर्वीची. भंगारवाल्याकडे पाइप बघायला गेलो, तर ढिगातून तिचं हँडल वर आलेलं, बुडणाऱ्याच्या हातासारखं. इंजिन गायब, सीट उंदरांनी आपसात वाटून घेतलेली. घेतली. (बायकोला ‘पाइप’ म्हणून सांगितलं. पाइपाला चाकं कशाला, एवढंच तिने विचारलं.)

मग ओळख पटवायचा कार्यक्रम. शहरात असल्या गाड्यांचे तीन जाणकार आहेत, तिघांनाही चहाला बोलावलं. एकाने चाकाचा घेर मोजून एक कंपनी सांगितली, दुसऱ्याने रंग खरवडून दुसरी. तिसऱ्याने डोळे मिटून टाकीचा वास घेतला आणि नुसतं ‘परदेशी’ म्हणाला. तिघे भांडतच गेले. बिस्किटं मात्र एकमताने संपवली.

तेवढ्यात अण्णा आले. तुम्हाला ठाऊकच आहे, कारखाना बंद पडल्यापासून तुमचे सासरे यंत्राचं नाव काढत नाहीत. माझ्या एवढ्या वर्कशॉपचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता (मी तिथे झाडू मारण्यापासून सुरुवात करून ते विकत घेतलं, हे सांगायची माझी हौस तशीच राहून गेली). त्यांनी सांगाड्याच्या वेल्डिंगच्या जोडांवरून अंगठा फिरवला. ते जोड मी आदल्याच दिवशी हौसेने घासून गुळगुळीत करून घेतले होते.

‘‘कुठल्या गाढवाने घासलं?’’

‘‘मी.’’

‘‘वाटलंच.’’

मग त्यांनी गाडी उलटी केली. सीटखाली एका जोडापर्यंत घासणी पोचली नव्हती. तिथे अंगठा थांबला. ‘‘हा माझा. आमच्या कारखान्यात, नोकरीच्या पहिल्या महिन्यात मारलेला. बघ, केवढा वाकडा!’’ भावोजी, स्वतःच्या कामाला इतक्या आनंदाने नावं ठेवणारा माणूस मी पाहिला नाही.

तेव्हापासून अण्णा सकाळी आठला गाडी घेऊन वर्कशॉपात हजर, रात्री ती परत टेबलावर. सगळ्यांना शिव्या देतात, सगळे खूश आहेत. गाडी नवरीसारखी सजली आहे. रविवारी अण्णांना ऐंशी पूर्ण होतील आणि त्यांना एकच हवंय, हिचा आवाज एकदा ऐकायचाय. ते इंजिन तर आता कुठे मिळत नाही. दुसरी दोन बसवून पाहिली. अण्णांनी कानांवर हात ठेवले. ‘‘ही शिंकते. आमची खोकायची.’’

असो. तब्येतीला जपा, वाकू नका.

तुमचा मेव्हणा

ता. क. परवा फोनवर तुम्ही पाठीचं सांगत होतात, तेव्हा मागे तुमच्या बागेतला जुना पेट्रोलवरचा पंप चालू होता. पाठीचं मी काही ऐकलं नाही, माफ करा. पंप अस्सा सुरेख खोकत होता!

ता. क. २ पत्र आणणाऱ्या मेकॅनिकबरोबर विजेवरचा नवाकोरा पंप पाठवला आहे. तो ठेवून घ्यावा आणि जुन्याचं इंजिन द्यावं, ही विनंती. तुमच्या हातून वस्तू सुटत नाही, हे जाणतो. सावकाश विचार करा.

ता. क. ३ विचार राहू द्या. ताईशी कालच बोलणं झालंय. त्या इंजिनाला सहा नट आहेत आणि मेकॅनिक केव्हाचा मागच्या दारी पाना घेऊन पंपापाशी बसलाय. पत्र उगाच लांबलं नाही. एखादा नट गंजलेला निघाला, तर ताई तुम्हाला हे पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचायला सांगेल. वाचा.