सुतकाबाहेरचा कोरा चहा

३ नोव्हें., सोम.
तलासरीत बोललो. विषय अंधश्रद्धा. तासभर, शेवटच्या रांगेपर्यंत टाळ्या! शाल घेत नाही हे ठाऊक असल्यानं एका निवृत्त मास्तरांनी चहाचा पुडा हातात ठेवला. मुलगा चहाच्या मळ्यात नोकरीला, तिकडची लांब पानं. "उकळू नका. दूध नको, साखरही नको."
दूध नको! डोक्यात लगेच अक्का, माझी थोरली बहीण. डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलं त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून चहा नाही, आणि चारच्या चहाला ओट्यावर जमणाऱ्या बायकाही नाहीत. मासळी विकून येते, दार लोटून पडते. सुकट विकून मला शिकवलं तिनं. तिचा चहा परत आणणार. आणणारच.

५, बुध.
डहाणूहून चिंचणी, अक्काकडे. चहा करून पुढे ठेवला. अक्कानं कप पाहिला नि मागे सरकली.
"कोरा? भास्कर, कोण मेलंय घरात?"
कोरा चहा फक्त सुतकात, हे मी विसरलोच होतो. रूढी, भीती, गुलामी, सगळं सांगितलं तिला. "मी गेल्यावर करा," म्हणाली, "पोटभर प्या." हजार लोकांपुढे न अडखळणारा मी कप उचलून मोरीकडे गेलो.
अर्धी पानं तिच्याकडच्या रिकाम्या डब्यात ठेवून आलो.

८, शनि.
तो डबा जवळ्याचा होता! झाकण उघडलं तर चहाला सुक्या मासळीचा वास. अक्का पोट धरून हसली. तीन महिन्यांनी हसली. अर्धी पानं त्या कारणी लागली. हरकत नाही.

९, रवि.
उरलेली पानं घेऊन पुन्हा. गरम पाणी ओतलं, झाकण ठेवलं, तीन मिनिटं थांबायचं. थांबता थांबता सुतक या विषयावर सुरू झालो. किती वेळ बोललो कळलं नाही. गाळला तर काळाकुट्ट, कडूजहर.
"हा बघ, सुतकातलाच. तुझ्या तोंडाला झाकण नाही, भांड्याला ठेवून काय उपयोग?"
खरं आहे. मास्तरांची पानं निर्दोष. दोषी वक्ता.

१३, गुरु.
घरी सराव, मोजकीच पानं घेऊन. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद, क्षणभर दम. भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचं. कपाला एक चमचा. पाणी ओतून झाकण. घड्याळ समोर, तोंड बंद. तीन मिनिटं इतकी लांब असतात! गाळला. रंग मधासारखा. एकट्यानंच टाळी वाजवली.

१६, रवि.
जिंकलो!
चिंचणी. एक शब्द बोललो नाही. अक्का सारखी बघत होती, "बरं नाही का रे तुला?" मी घड्याळाकडे बोट दाखवलं. मधेच उठून तिनं परसातली गवती चहाची एक पात तोडून आत टाकली. मास्तर म्हणाले असते, नको. मास्तरांना काय कळतं!
कप उजेडात धरून तिनं बघितला. "सुतकातला असा सोनेरी नसतो," म्हणाली. प्यायली. मग कप पुढे केला. "अर्धा अजून."
आजवरच्या सगळ्या सभा या अर्ध्या कपावरून ओवाळून टाकल्या.

१८, मंगळ.
अक्कानं बायकांना बोलावलं. चार वाजता ओट्यावर चौघी. चहा तिनंच केला. मी कोपऱ्यात, तोंडाला कुलूप.
शेजारच्या काशीवहिनींनी कपात डोकावून पाहिलं. "अगो, कोण गेलं?"
"दूध गेलं," अक्का म्हणाली. "मी आहे."
तिघी हसल्या, प्यायल्या. एकीनं पात कुठली ते विचारलं. काशीवहिनींनी मात्र कप हातात धरला, फुंकर घातली, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मला तोंड उघडायचंच होतं. अक्कानं डोळे वटारले.
चाळीस वर्षं त्या दोघी शेजारी बसून मासळी विकतात.
निघालो तेव्हा बाकीचे कप रिकामे. काशीवहिनींचा भरलेला, वर बशी झाकलेली. पण त्या उठल्या नव्हत्या, अजून तिथंच होत्या.