तीन दिवसांचे पाहुणे आणि सौसनबाईंचा सर्व्हर

आदरणीय मुतलक मामांना भाचा नायफ याचा अम्मानहून मनापासून सलाम. तुमचा गुडघा, मामीचं पित्त आणि ती लंगडी सांडणी, तिघांनाही आराम असेल अशी आशा करतो (सांडणीची काळजी जास्त, ती औषध घेत नाही). अल्लाहच्या कृपेनं मी ठणठणीत आहे.

ईदला तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "हिवाळ्याच्या आत कायमची नोकरी लागली तर राहा तिकडे, नाहीतर मेंढ्या आहेतच." तर मामा, मेंढ्यांना सांगा, नायफची वाट बघू नका. सहावीतून पळालेला तुमचा भाचा आज अख्ख्या कॉलेजची कोडिंगची वही चालवतो!

वही म्हणजे कागदाची नव्हे. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पान उघडतं. वर प्रोग्राम लिहायचा, खाली उत्तर येतं. मुलांना आपल्या कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही, लागतील ती पॅकेजेस आमच्या सर्व्हरवर आधीच बांधून ठेवलेली असतात. मला खरं तर घेतलं होतं वायरी ओढायला. पण हे काम बघणारा माणूस कतारला निघून गेला, आणि मी त्याच्या पाठीशी इतका लुडबुडत असे, की आमच्या मोठ्या बाई डॉक्टर सौसन (जीभ सुरीसारखी, मन बरं) म्हणाल्या, "आता तूच बघ. आणि हे बघ नायफ, लिहून ठेवलंय तेवढंच कर. डोकं लावू नकोस."

मी डोकं लावलं. एका मुलीनं नकाशांचं पॅकेज मागितलं, दिलं. एकानं चित्रांचं मागितलं, तेही दिलं. आपल्या तंबूत कुणी काही मागितलं आणि आपण नाही म्हणालो, असं कधी झालंय का? शेवटी पॅकेजेसचं ते बोचकं लग्नातल्या मन्सफच्या, भात-मटणाच्या परातीएवढं झालं, चौघांनी उचलावं तेव्हा हलणार. वर सर्व्हर विचारतो, एखादा वही उघडून नुसताच बसला, तर किती वेळानं त्याची जागा रिकामी करू? आधीच्या माणसानं लिहिलं होतं, एक तास. एक तास! आपण पाहुण्याला तीन दिवस 'का आलास' एवढंही विचारत नाही. मी तीन दिवस करून टाकले.

वहीच्या उद्घाटनाला पैसे देणाऱ्या संस्थेचे मोठे साहेब आले. वही उघडायला बसले, तर चक्र आपलं फिरतंय, फिरतंय. आत आदल्या दिवसापासूनचे पाहुणे सगळी मेमरी अडवून लवंडलेले.

बाई दातओठ खात म्हणाल्या, "नायफ, आत कोण आहे?"

"आधी आलेले, बाई."

"मग आम्ही काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"बसा ना साहेब, चहा घ्या. तीन दिवसांत कुणीतरी उठेलच."

पण पुढचं ऐका. त्याच दुपारी मी ते बोचकं सोडलं आणि विषयवार तीन लहान गाठोडी बांधली. गप्प बसलेल्याची जागा तासाभरानं रिकामी होते, पण त्याचं लिखाण जपून राहतं. अंथरूण गुंडाळलं, सामान सांभाळलं, यात कुणाचा अपमान नाही. आता वही पापणी लवायच्या आत उघडते. काल आपल्या जफर गावच्या शाळेतल्या मुलींनी मास्तरांच्या जुनाट कॉम्प्युटरवर ती उघडली आणि जफरच्या पावसाचा आलेख काढला. (पाऊस नाहीच, त्यामुळे आलेख सपाट. पण काय सुरेख सपाट!) दिवसभर मी डोक्याचा रुमाल तिरका बांधून कॉलेजात हिंडलो.

मामीला सलाम, लहानांना पापे.

तुमचा भाचा,
नायफ

ता. क. साहेब तेव्हा पोट धरून हसले, हे लिहायचं राहिलं. बाई हसल्या नाहीत. माझ्या कायमच्या नोकरीचा कागद त्यांच्या टेबलावर आहे. सही व्हायची आहे.

ता. क. २. म्हणून येत्या गुरुवारी पाच पांढऱ्या दाढ्यांची जाहा घेऊन या आणि माझ्यासाठी बाईंकडे रीतसर रदबदली करा. चांगले अंगरखे घाला. त्या 'हो' म्हणेपर्यंत कॉफीला कुणी हात लावायचा नाही.

ता. क. ३. बाई परदेशात वाढल्यात, त्यांना हा रिवाज ठाऊक नसावा. मशीनची कॉफी कागदी पेल्यांतून येईल आणि त्या पुन्हा पुन्हा म्हणतील, "घ्या ना, गार होतेय." होऊ द्या गार, मामा.