वाळूची पोती आणि भाचा

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण तेच, आमची गाडी. जमिनीवर धावेल आणि नदीतही तरंगेल अशी गाडी सैन्यासाठी बनवायला घेतली, तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. केस गेले, गाडी अजून कारखान्यातच आहे. दर बैठकीत साहेबलोक काहीतरी वाढवतात. पत्रा जाड करा, तोफ मोठी बसवा, आणखी जवान मावले पाहिजेत. मी मान डोलावतो. तुझ्या भावाला नाही म्हणता येत नाही, हे तुला काय सांगायचं! परवा एकाने आत एसी हवा म्हटलं, तोही बसवला. रस्त्यावर गाडी झोकात चालते. पाण्याचं विचारू नकोस. तसं मला तरी कुठे पोहता येतं?

लोभ वाढवावा, त्याने तरी वजन वाढत नाही.

तुझा
धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसले. ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांनाही वाचून दाखवलं. संध्याकाळी तुझ्या भाच्याचा फोन आला आणि हसू पळालं. पुढच्या महिन्यात नदीवर मोठ्या साहेबांसमोर चाचणी आहे म्हणे, आणि तुझी गाडी चालवायला त्याला निवडलंय. स्वारी हवेत आहे. मामाची गाडी, मामाची गाडी करत पलटणभर सांगत सुटलाय. मी त्याला काही बोलले नाही. तुला विचारते, आडपडदा न ठेवता सांग. तरंगते का रे ती?

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर लगेच हवं.

ताई

ता. २१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न घेऊन बैठकीत गेलो. सगळं तयार ना, असं साहेबांनी विचारलं. मान सवयीने हलायला लागली होती, तेवढ्यात तोंडातून ‘नाही’ निघून गेलं. आधी माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवून बघू, म्हणालो. खुर्चीच बोलली असं वाटून सगळे बघत राहिले.

क्रेनने गाडी कारखान्यामागच्या तळ्यात उतरवली. दोर सैल केला आणि ती अजिबात कुरकुर न करता सरळ तळाशी गेली. आयुष्यात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. मग पोती बाहेर काढली. चालकाच्या जागेवरचं सगळ्यात शेवटी निघालं. ते बघून मी शेडमागे जाऊन रडलो, ताई. चाचणी रद्द झाली. मला भांडारात बसवलंय. इथे बुडण्यासारखं काही नाही.

राग आला असेल तर कळव, पण लोभ सोडू नकोस.

धाकटा

ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

भाचा सुट्टीवर आलाय आणि तुझ्यावर पेटलाय. पलटणीत त्याला पाणबुडी म्हणून चिडवतात. मी चालवली असती तर बुडाली नसती, मामाने नाक कापलं, असं दिवसभर चालू असतं. तुझं नाव निघालं की ताटावरून उठतो, खोलीत जातो आणि धाडकन दार आपटतो. एवढ्यात तू इकडे फिरकू नकोस.

मी त्याची समजूत घालत नाही. खरं सांगू? मी मुद्दाम तुझं नाव काढते. दार आपटलं की शिलाई मशीन थांबवते आणि ऐकत बसते. पोरगा घरात आहे.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
ताई