शेजारच्याची मेमरी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा घसा बसलाय असं कळलं. (घरात शांतता असेल, तर औषधाची फार घाई करू नकोस.) मी ठीक. भूक नाही, झोप नाही, बाकी उत्तम.

कारण ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस. त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो. आमच्याकडे एका मोठ्या यंत्रात कंटेनर नावाच्या खोल्या पाडतात आणि ज्याचा त्याचा प्रोग्राम आपापल्या खोलीत चालतो. प्रत्येक खोलीला मेमरी ठरवून दिलेली. हद्द ओलांडली की यंत्र प्रोग्रामला जागच्या जागी संपवतं, हूं की चूं नाही. तर आमच्या वरिष्ठ मॅडमनी बाबाला माझ्या दुप्पट मेमरी दिली. का, तर म्हणे त्याने कधी मागितली नाही. (मी वर्षभर मागतोय.) माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेना. शेवटी मी बाबाच्या मेमरीवर पाळत ठेवणारा प्रोग्राम लिहिला आणि माझ्याच खोलीत बसवला. क्षणाक्षणाची नोंद, वर रंगीत आलेख. बघतो तर बाबा मिळालेल्यातली निम्मीही वापरत नव्हता. नुसती अडवून बसलेला. मी मॅडमना बोलावलं, सगळ्यांसमोर पडद्याकडे बोट दाखवलं, आणि पडदा काळा झाला. माझ्या पहारेकऱ्याने बाबाच्या नोंदी साठवता साठवता माझीच हद्द ओलांडली होती. त्याच खोलीतला, दवाखान्यांच्या वेळा देणारा माझा खरा प्रोग्रामही सोबत गेला. फोन वाजायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नक्की कोणाचं काम बघता?"

बाबा उठला. स्वतःची मर्यादा खाली आणली, माझी वाढवली, माझा प्रोग्राम चालू करून दिला आणि म्हणाला, "आता पुरेल." वर्षभरात पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही माझ्यावर उपकार करायला. माणसाने जळावं तरी किती, ताई?

भाचरांना लाड.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या गोदामातले संगणक सांभाळायला बाबाने अर्ज केलाय आणि माणूस कसा, असं तू विचारलं होतंस. घुमा आहे. त्यापेक्षा घरातलाच कोणी घेतलास तर?

ता. क. २. वरचं खोड. त्यालाच घे, ताबडतोब घे. म्हणजे त्याची उरलेली मेमरीही मला मिळेल.

ता. क. ३. इतक्यात नको. माझा प्रोग्राम पुन्हा बंद पडलाय आणि बाबा जेवायला गेलाय.